फ्रीझरवाल्या काकू

फ्रीझरवाल्या काकूंना एखाद्या डब्याची तारीख विचारली की त्या घराण्याचा इतिहास सांगतात. "हे पुरण होय? धाकट्या जाऊबाईंच्या सुनेच्या डोहाळजेवणाचं." त्या डोहाळ्यांचं फळ एव्हाना खाली सायकल चालवत असतं. पण काकूंचा हिशेब साधा आहे. फ्रीझरमध्ये गेलेल्या वस्तूचं वय तिथल्या तिथे थांबतं. आपलं थांबत नाही, एवढीच त्यांची देवाजवळ तक्रार.

डब्यावर चिठ्ठी लावणं त्यांना कमीपणाचं वाटतं. "आपल्या हातचं आपल्याला ओळखू येत नाही होय?" नाही येत. गोठल्यावर पुरण आणि पिठलं सख्खी भावंडं दिसतात. एकदा पाहुण्यांच्या पुरणपोळीसाठी कणीक तिंबून झाली आणि डब्यातून वितळून निघालं पिठलं. काकूंचा चेहरा हलला नाही. "म्हटलं, आज मुद्दाम गावाकडचा बेत करू," असं म्हणत त्यांनी भाकरीचं पीठ काढलं.

मटाराच्या बाबतीत मात्र त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. थंडीत मटार स्वस्त झाला की मालिका बघता बघता पिशव्याच्या पिशव्या सोलून होतात, आणि आलेल्या-गेलेल्यालाही चार शेंगा सोलल्याशिवाय चहा मिळत नाही. मग दाणे दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, नंतर फडक्यावर कोरडे आणि शेवटी चपट्या पिशव्यांत. दाण्यांतली एन्झाइम्स थंडीतसुद्धा हळूहळू रंग-चव घालवत राहतात, त्यांचा बंदोबस्त उकळतं पाणी करतं. पिशवी चपटी असली की माल लवकर गोठतो, बर्फाचे स्फटिक बारीक राहतात आणि दाण्याचा लगदा होत नाही. काकूंना यातलं काहीच ठाऊक नाही. "आई असंच करायची," एवढ्यावर विषय संपतो. आई आणि विज्ञान यांचं या घरात एवढ्या एकाच मुद्द्यावर जमलेलं आहे.

बाकी सगळीकडे मतभेद. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, म्हणून मे संपता संपता काकू सुरमई भरून ठेवतात. इथवर ठीक. पण खायच्या दिवशी ती सकाळी सातलाच ओट्यावर येऊन बसते, वर झाकण म्हणून ताटली. दहापर्यंत तिची कड लिबलिबीत झालेली असते आणि पोटात अजून दगड असतो.

"आई, थंडीनं जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात," सूनबाई सांगते. "ओट्यावर त्यांना जाग येते."

"मग हळू बोल की जरा."

सूनबाई हार मानत नाही. मासा आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये उतरवून ठेवावा. घाई असेल तर घट्ट पिशवीत बांधून गार पाण्यात बुडवावा आणि पाणी दर अर्ध्या तासानं बदलावं. मायक्रोवेव्हमध्ये सोडवला तर लगेच शिजवावा. काकू सगळं ऐकून घेतात आणि उरलेल्या चार तुकड्या परत फ्रीझरमध्ये सरकवतात. फ्रीजमध्येच सुटलेला मासा पुन्हा गोठवला तर फार तर चव जाते. पण ओट्यावर सकाळभर शेकलेला परत आत घालणं म्हणजे जाग्या झालेल्या मंडळींना पांघरूण घालणं, आणि तीही आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त झालेली. काकूंना हे पटत नाही. टाकून देणं हा शब्दच त्यांच्या कोशात नाही.

मागे सूनबाईनं थर्मामीटर आणला. हवेत उणे १८, जुन्या एकदारी फ्रीजनं दाखवले उणे ९. काकूंनी फ्रीजची बाजू घेतली. "वय झालंय गं त्याचं. थोडा मऊपणा येणारच."

खरी परीक्षा वीज गेल्यावर. ठासून भरलेला फ्रीझर दार न उघडता बराच वेळ थंडी धरून ठेवतो, चांगला मोठा असेल तर दोन दिवससुद्धा. हे काकूंना पक्कं माहीत आहे. वीज गेली रे गेली की त्या फर्मान सोडतात, "फ्रीजला कुणी हात लावायचा नाही!" आणि मग दर पंधरा मिनिटांनी दार उघडून स्वतः बघतात, अजून गार आहे ना.

यंदा ऐन श्रावणात वीज दुपारी गेली ती रात्रीपर्यंत आली नाही. आठच्या सुमाराला काकू मजल्यावरच्या सगळ्या घंटा वाजवायला निघाल्या. घंटा वाजेनात, तेव्हा कड्या वाजवल्या. मेणबत्त्यांच्या उजेडात सगळा मजला वाट्या घेऊन गारेगार आमरसावर तुटून पडला. जो तो म्हणाला, काकू, तुमच्यामुळे श्रावणात हापूस. काकू आग्रह करकरून वाढत होत्या. डावातला शेवटचा रस मात्र त्यांनी छोट्या स्टीलच्या डब्यात ओतला आणि अंधाराचा फायदा घेऊन तो आत सरकवला.

"आई!"

"असू दे गं. दिवाळीला जावई येतील."