पकडणाऱ्यांच्या जिवावर

खलनायक गप्प बसला की खरी पंचाईत होते ती पोलिसांची. 'फँतोमास' या फ्रेंच विनोदी चित्रपटमालेचा 1965 सालचा दुसरा भाग बघा. वर्षभर चोराने डोकं वर काढलं नाही म्हणून ज्यूव्ह या पोलीस अधिकाऱ्याला मानाचं पदक मिळतं आणि लगोलग खुद्द फँतोमासकडून अभिनंदनाचा निरोप येतो! ज्यूव्ह झालेल्या लुई द फ्युनेसचा चेहरा तेव्हा बघून घ्यावा. मग हा पठ्ठ्या कोटाला खोटे हात लावतो, सिगारीत पिस्तूल दडवतो. तिकडे निळ्या मुखवट्याचे महाशय ज्वालामुखीच्या पोटात संसार थाटून बसलेले. शेवटी त्यांच्या सित्रोएन गाडीला पंख फुटतात आणि स्वारी भुर्र. 1967 साली तिसरा भाग आला, यात नवल ते काय?

आपल्या तात्या विंचूचंही तेच. 1993च्या 'झपाटलेला' चित्रपटात दोन भुवयांच्या मधोमध गोळी लागून तो संपला आणि 2013 साली थ्रीडीत हजर! होणारच. 'डॅम इट' म्हणत त्याच्या मागावर असलेले इन्स्पेक्टर महेश जाधव म्हणजे दिग्दर्शक महेश कोठारेच. आपलाच खलनायक कायमचा मारायला कुणाचा हात धजेल?

पकडणाऱ्यानेच खलनायकाला जगवायचं, या प्रकाराची आमच्या धाराशिव जिल्ह्याला जुनी ओळख आहे. 1853 साली निजामाकडून हा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि कारभार बघायला नळदुर्गात आले मेडोज टेलर. येण्याआधीच, 1839 साली, साहेबांनी ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहून विलायतेत खळबळ उडवली होती. स्वतः ठगांच्या जबान्या ऐकलेला माणूस. त्यांच्या कादंबरीतला ठग अमीर अली तुरुंगात बसून सातशेवर खून निवांत सांगतो. पश्चात्ताप नाहीच, उलट आत पडलो नसतो तर हजार भरले असते, ही हळहळ! आणि समोरचा साहेब? ठगांचा बीमोड करणाऱ्या सरकारचा माणूस, पण ऐकताना भान हरपलेलं. पुढे 1863 साली 'तारा' या कादंबरीत त्यांनी आमचं तुळजापूरही आणलं. तरी वाचक टेलरचं नाव काढतात ते ठगामुळेच.

तेव्हा एक सांगून ठेवतो. दुसऱ्या भागाचं तिकीट काढताना खलनायक कोण, हे विचारू नका. पोलीस कोण आहे ते बघा. तो हुशार निघाला, तर पैसे वाया गेलेच म्हणून समजा.