अंगणातली रोजगार हमी

आमच्या पिढीला कष्टाच्या पैशाची किंमत कळते, असा आमच्याच पिढीचा दावा आहे. खरा असेलही. जी वस्तू कधी हातात पडली नाही, तिची किंमत माणसाला जरा जास्तच कळते.

महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला. काम मागायचं, 15 दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता घ्यायचा, अशी त्यात सोय. राजापूरकडच्या आमच्या घरातली आजोबांची योजना याच्या फार पुढे होती. तिथे काम मागावंच लागत नसे. मे महिन्याच्या सुट्टीत एखादं पोर ओटीवर रिकामं बसलेलं दिसलं, की काम आपणहून चालत येई. हमी होती ती कामाची. मजुरीचं कलम आजोबांनी कागदावर आणलंच नव्हतं.

दर मात्र चारचौघांत जाहीर होत. परसातला पातेरा गोळा करून हारा भरला की पाच पैसे. झावळ्यांचे हीर काढून खराटा बांधला की दहा पैसे. रातांबे फोडायचे, बिया बाजूला काढायच्या, सालं वाळत घालायची, याचे चार आणे. कारण त्यात हात, सदरा आणि पुढचे दोन दिवस, सगळंच चिकट होई. काजूच्या बिया वेचायला दर नव्हता. बी दुकानात विकली जाते हे आम्हाला ठाऊक होतं, आणि आम्हाला ते ठाऊक आहे हे आजोबांना. म्हणून त्या कामावर नेहमी एक मोठं माणूस 'सावलीला' बसलेलं असे.

मजूर आले म्हणजे मुकादम आलाच. आमचा मुकादम मोठा दादा. वय तेरा, हातात काठी, पाठ कायम ताठ, कारण ती वाकवायचा प्रसंगच येत नसे. भरलेल्या हाऱ्यावर तो पाय द्यायचा, पातेरा वीतभर खाली जायचा, आणि दादा म्हणायचा, "दाबून भरा." हाच पातेरा पुढे भाजावळीत जळायचा. जळताना तो दाबलेला होता की सैल, हे शेताला आजवर कोणी विचारलेलं नाही.

संध्याकाळी हिशेब. पैसे मिळत नसत, 'जमा' होत. ठेवी आजीकडे. "माझ्याकडे ठेव, तू हरवशील." आजीला लिहितावाचता येत नव्हतं, पण वजावटी तोंडपाठ होत्या. फुटलेली बरणी, विहिरीत पडलेली कळशी, आणि गेल्या सुट्टीत प्रेमाने दिलेल्या लिमलेटच्या गोळ्यासुद्धा. सुट्टी संपून एसटीत बसायच्या वेळी हातावर एक रुपया पडे, तोही पाया पडल्यावर. बाकीचं पुढच्या वर्षी, व्याजासकट.

त्या ठेवींचा प्रश्न अखेर केंद्र सरकारने रिझर्व्ह बँकेच्या हातून सोडवला. 30 जून 2011 पासून चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद झाली. आमच्या घराण्याचं सगळं देणं एका दिवसात फिटलं. इतकी सफाईदार कर्जमाफी एकाही मुख्यमंत्र्याला जमलेली नाही.

2016 साली बालमजुरीचा कायदा सुधारला, तेव्हा शाळा सांभाळून घरच्या कामाला हात लावायची मुभा मुलांना राहिली. आजोबा तोवर गेले होते. असते तर ते कात्रण देवघरात लागलं असतं.

दादा आता निवृत्त आहे. आम्ही अंगणात घाम गाळून खाऊचे पैसे मिळवले, असं तो नातवंडांना सांगतो. कोणाचा घाम, ते सांगत नाही. शेणाने सारवायचं अंगण जाऊन तिथे पेव्हर ब्लॉक आलेत, पण काजूला ते कळत नाही, पातेरा पडतोच. यंदा त्याने नातीला हाऱ्यामागे वीस रुपये कबूल केले आणि सवयीने पुढे म्हणाला, "माझ्याकडे जमा राहतील."

"कशाला? माझं बँकेत खातं आहे. मीच चालवते."

दादाने रात्री मला फोन करून विचारलं, दहा वर्षांच्या पोरांना खातं चालवू देण्याचा हा नियम कोणी केला. म्हटलं, रिझर्व्ह बँकेनेच, 2014 साली. तो बराच वेळ त्या बँकेविषयी बोलला.

दुसऱ्या दिवशी काम कसं करतात ते दाखवायला म्हणून त्याने स्वतःच हारा भरायला घेतला. नात पायरीवर बसली होती. त्याच्या सगळ्या गोष्टी तिने नीट ऐकलेल्या आहेत. उठून तिने हाऱ्यावर पाय दिला.

"आजोबा, दाबून भरा."