रिकाम्या पोटी, भरल्या ग्रुपवर

थंडी पडली की मराठी घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जुना पाहुणा हमखास उगवतो: मध आणि दालचिनी. हृदयविकार, सांधेदुखी, टक्कल, दातदुखी, वंध्यत्व आणि अर्थातच सुटलेलं पोट, या सगळ्यांवर एकच इलाज. खाली पुरावाही जोडलेला असतो: कॅनडातल्या ‘वीकली वर्ल्ड न्यूज’ या मासिकाचा १७ जानेवारी १९९५ चा अंक. तारीख छापली की मराठी माणसाचा निम्मा विश्वास बसतो आणि परदेशाचं नाव आलं की उरलेला निम्मा.

नावातच ‘वीकली’ असलेलं हे प्रकाशन मासिक कसं, हा प्रश्न एकाही ग्रुपवर कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. ते कॅनडाचंही नव्हतं. अमेरिकेत फ्लोरिडातून निघणारं ते एक सनसनाटी साप्ताहिक. एल्विस प्रेस्ली मेलेला नाही, मिशिगनमधल्या कॅलमाझू गावात हिंडतो आहे, ही बातमी १९८८ साली त्यानंच दिली. गुहेत सापडलेला अर्धं वटवाघूळ, अर्धा पोरगा असा ‘बॅट बॉय’ १९९२ साली त्याच्याच मुखपृष्ठावर झळकला. २००७ मध्ये त्याचा छापील अंक बंद पडला. बॅट बॉयचा फॉरवर्ड सोसायटीच्या ग्रुपवर कधी आला नाही, दालचिनीचा मात्र येतच राहिला.

त्यातला वजनाचा परिच्छेद मुळातून वाचावा असा आहे. सकाळी न्याहारीआधी अर्धा तास, रिकाम्या पोटी, आणि रात्री झोपताना मध-दालचिनी घालून उकळलेलं कपभर पाणी घ्यावं. नेमानं घेतलं तर कितीही लठ्ठ माणूस बारीक होतो. आणि पुढे खरी मेख: भरपूर उष्मांकांचं जेवण केलं, तरी अंगात चरबी साठत नाही. फॉरवर्ड कशामुळे फिरला हे कळायला एवढी एक ओळ पुरे. दालचिनीनं वजन उतरो न उतरो, श्रीखंडाची दुसरी वाटी तरी बिनघोर झाली.

मधाचा हिशोब कुणी मांडत नाही. दोन मोठे चमचे मध म्हणजे चाळीसेक ग्रॅम, म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. एका तेल लावलेल्या पोळीइतक्या. सकाळ-संध्याकाळ धरलं तर बारीक होण्यासाठी रोज दोन पोळ्या जास्त.

दालचिनी गोष्टीच्या जोरावर विकण्याची युक्ती मात्र फ्लोरिडाची नव्हे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं अरबांची एक कथा लिहून ठेवली आहे. मोठाले पक्षी दालचिनीच्या काटक्यांनी उंच कड्यांवर घरटी बांधतात. अरब लोक खाली बैलांच्या, गाढवांच्या मांसाचे भलेमोठे तुकडे ठेवतात, पक्षी ते वर नेतात, वजनानं घरटी कोसळतात आणि दालचिनी गोळा होते. पुढे रोमचा प्लिनी वैतागून लिहून गेला की असल्या कथा भाव वाढवण्यासाठी रचल्या आहेत. प्लिनी ग्रुपवर असता तर ॲडमिननं त्याला काढून टाकलं असतं.

शास्त्रज्ञांनी दालचिनीकडे पाहिलंच नाही असं नाही. २००३ साली पाकिस्तानात साठ मधुमेहींवर एक प्रयोग झाला. तीन गटांना रोज एक, तीन आणि सहा ग्रॅम दालचिनी, बाकीच्यांना नुसत्या पोकळ गोळ्या. चाळीस दिवसांत उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्क्यांनी उतरली. गंमत अशी की एका ग्रॅमनं जवळजवळ तेवढंच काम केलं जेवढं सहा ग्रॅमनं. औषध वाढवून गुण वाढत नसेल तर शहाणा वैद्य जरा थांबतो. बाजार थांबत नाही. तीन वर्षांनी नेदरलँड्समध्ये मधुमेही स्त्रियांना रोज दीड ग्रॅम देऊन पाहिली, साखर जागची हलली नाही. २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या समीक्षकांनी दहा चाचण्या आणि ५७७ माणसं एकत्र मांडली आणि मधुमेहासाठी दालचिनीची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असा शेरा मारला. वजनाबद्दल २०२० सालच्या एका एकत्रित विश्लेषणात फरक निघाला तो सरासरी एका किलोच्या आसपास. एवढा फरक तर वजनकाट्यावर चपला काढून उभं राहिल्यानंही पडतो.

बरं, फायदा नाही तर नाही, तोटा तरी काय, असं काकामंडळी म्हणतात. इथे साल जवळून पाहावी लागते. श्रीलंकेच्या किंवा आपल्या कोकणातल्या दालचिनीची कांडी म्हणजे पातळ, ठिसूळ पापुद्र्यांची एकात एक गुंडाळी. बोटांत चुरडते. वाण्याकडे दालचिनी म्हणून बहुधा मिळते ती कॅसिया: एकच जाड, टणक, काळपट तुकडा, मिक्सरच्या पात्यांवर खडखड वाजणारा. चीन-व्हिएतनामची. भारताच्या अन्ननियमांत दोघींची नोंद वेगवेगळी आहे, पण वाण्याच्या बरणीवर चिठ्ठी एकच. कॅसियात कूमरिन नावाचं द्रव्य भरपूर असतं, खऱ्या दालचिनीत नावापुरतं. कूमरिन जास्त काळ जास्त पोटात गेलं तर काहींच्या यकृताला त्रास होतो. जर्मनीच्या अन्नधोका संस्थेच्या हिशोबानं साठ किलोच्या माणसानं रोज दोन ग्रॅमवर कॅसिया खाऊ नये. म्हणजे छोटा चमचाही पुरता भरायला नको. फॉरवर्डमध्ये कोलेस्टेरॉलसाठी सांगितलेत तीन चमचे, आणि कोलेस्टेरॉल उतरणार दोन तासांत दहा टक्के.

डेन्मार्कमध्ये याच कूमरिनवरून २०१३ च्या अखेरीस रणकंदन झालं. युरोपच्या नियमात रोजच्या गोड पावाला किलोमागे १५ मिलिग्रॅमची मर्यादा, सणासुदीच्या पारंपरिक पदार्थाला ५०. डेन्मार्कचे लाडके दालचिनीचे गुंडाळे पहिल्या मर्यादेत नापास झाले. सरकारनं मसाला कमी करायला लावला नाही. वर्षभर बेकरीत मिळणारा गुंडाळा पारंपरिक ठरवून टाकला. आपल्याकडच्या कुठल्याही मंत्रालयाला अभिमान वाटावा असा तोडगा.

इकडे दापोलीच्या कृषी विद्यापीठानं ‘कोकण तेज’ नावाची खऱ्या दालचिनीची जात कधीच काढून ठेवली आहे. नारळात मसाल्याची झाडं लावलेल्या ‘लाखीबागे’त ती जायफळ-मिरीशेजारी उभी असते, पानंसुद्धा मसाल्यात जातात. पण आमटीत, मसालेभातात पडणाऱ्या बोटभर कांडीचं कौतुक कोण करणार? तीच पूड जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरली, डबीवर ‘मेटाबॉलिझम’ छापलं की साठ गोळ्यांची किंमत किलोभर सालीला भिडते. डबीच्या मागे, नियमानुसार, बारीक टायपात आणखी एक ओळ असते: औषध म्हणून वापरासाठी नाही. ती वाचायला काकांना चष्मा लागतो, आणि चष्मा नेमका फोनपाशी ठेवलेला असतो, पुढचा फॉरवर्ड वाचायला.