खरं वजन सांगा

चिखलातून आणि दगडगोट्यांतून मोटारसायकल घालणारी माणसं एकमेकांपासून फारसं काही लपवत नाहीत. गाडीचे किती हप्ते राहिलेत, गेल्या रविवारी कोणत्या ओढ्यात कोण आडवा झाला, हेल्मेटची किंमत घरी किती कमी करून सांगितली, सगळी चर्चा टपरीवर मोकळ्या मनाने होते. वजन विचारलं की मात्र आवाज खाली येतो. 'असेल पंच्याऐंशी-नव्वद' असं म्हणणाऱ्यांपैकी बरेचजण शंभरीच्या पलीकडचे असतात. मी त्याच गोटातला, तेव्हा हे अधिकाराने सांगू शकतो.

लोकांना फसवता येतं, स्प्रिंगला येत नाही. शर्यतीच्या डर्ट बाइक कारखान्यातून निघतात त्या साधारण सत्तर-पंच्याहत्तर किलोंचा स्वार गृहीत धरून. केटीएमच्या एंड्युरो गाड्यांच्या पुस्तिकेत स्वाराच्या वजनाप्रमाणे स्प्रिंगचं कोष्टकच असतं : ६५ ते ७५, ७५ ते ८५, ८५ ते ९५ किलो. मी पाहिलेलं कोष्टक तिथेच संपत होतं. पुढच्यांनी काय करावं, यावर पुस्तिका सभ्यपणे गप्प.

पुढचे लोक जे करतात ते ठरलेलं आहे. गॅरेजात जाऊन म्हणतात, "मागचा शॉकअप जरा हार्ड करून दे." पोरगा पाना लावून शॉकअपवरची रिंग फिरवतो, म्हणजे प्रीलोड वाढवतो. स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते आणि बसल्यावर गाडी कमी खाली जाते. गिऱ्हाईक खूश. पण स्प्रिंगची जात काही बदललेली नसते. एक मिलिमीटर दबायला जितकं बळ कालपर्यंत लागत होतं, तितकंच आजही लागतं. मोठ्या खड्ड्यात चाक आदळलं की शॉकअप पूर्वीसारखाच तळाला टेकतो आणि मणक्यातून तशीच कळ जाते.

गंमत पुढे आहे. स्प्रिंग बरोबर की चूक हे ओळखायला सॅग मोजतात, म्हणजे गाडी आपल्या जागी किती बसते ते. ३०० मिलिमीटर ट्रॅव्हलच्या, म्हणजे चाक तेवढं वर-खाली होऊ शकणाऱ्या, डर्ट बाइकवर स्वार बसला की मागची बाजू साधारण १०० मिलिमीटर खाली यावी. रिकामी गाडी स्वतःच्या वजनानं ३० ते ४० मिलिमीटर. आता एखाद्या भारदस्त गृहस्थाने रिंग आवळून आवळून आपले १०० जमवले, पण तो उतरल्यावर गाडी जेमतेम पाच मिलिमीटर बसते. पाहणारा म्हणतो, केवढी कडक स्प्रिंग! वास्तविक ती त्याच्यासाठी फार मऊ आहे, म्हणूनच तिला एवढं आवळावं लागलं. रिकामी गाडी ताठ उभी राहणं हे इथे अशक्तपणाचं लक्षण. काही माणसांच्या बाबतीतही असं असतं, पण तो विषय वेगळा.

ही मोजणी एकट्यानं होत नाही. एकजण गाडी धरतो, दुसरा मागच्या आसापासून वर फेंडरवरच्या खुणेपर्यंत टेप लावतो, आणि तिसरा, म्हणजे आपण, बूट-हेल्मेट घालून पुतळ्यासारखे वर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा प्रयोग करू नये. टेप धरणाऱ्याने आकडा मोठ्याने वाचला की पहिल्या मजल्यावरच्या काकू खिडकीतून विचारतात, "किती भरलं?"

लपवाछपवीची परंपरा तशी जुनी. स्प्रिंग ताणाच्या प्रमाणात बळ देते, हा नियम रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये जाहीर केला तो अक्षरांची उलटापालट करून, कोणाला कळू नये अशा कोड्यात. उकल दिली १६७८ मध्ये. हूकने दोन वर्षांत तोंड उघडलं. आमच्या ग्रुपमधले काहीजण अजून 'नव्वद'वरच आहेत.

बाकीचं थोडक्यात. फक्त मागची स्प्रिंग बदलून भागत नाही. पुढच्या फोर्कच्याही बदलाव्यात, नाहीतर ब्रेक लावला की गाडी नाक खुपसते. फोर्कच्या स्प्रिंगा ४.२, ४.४, ४.६ न्यूटन प्रति मिलिमीटर अशा बारीक पायऱ्यांनी मिळतात, तेव्हा अंदाजपंचे नको. स्प्रिंग कडक झाली की ती दबल्यावर उसळूनही जोरात येते, म्हणून ती उसळी आवरणारं रिबाउंडचं डॅम्पिंग वाढवावं लागतं. आणि शॉकअपची स्प्रिंग घरी पान्या-हातोड्याने काढायला जाऊ नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर दात जागेवर राहत नाहीत.

'त्यापेक्षा वजन कमी कर' असं सांगणारे भेटतीलच. त्यांचं चुकत नाही, पण गाडी चिखलात घालायचा पावसाळा चारच महिन्यांचा असतो आणि स्प्रिंग एका दुपारी बदलून होते. तेव्हा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर घेण्याआधी स्प्रिंग घ्या. आणि त्याआधी बूट, जाकीट, हेल्मेट चढवून, पाठीवरची पाण्याची पिशवी भरून काट्यावर उभे राहा, आणि दिसेल तो आकडा मेकॅनिकला जसाच्या तसा सांगा. तो कोणाला सांगणार नाही.