गंजाचे कंत्राट

कोणत्याही मोठ्या शहराच्या वेशीबाहेर असते तशा एका थीम पार्काने, लोकभावनेचा आदर म्हणून, आपला जुना आकाशपाळणा ‘होता तस्सा’ पुन्हा उभा केला असून, त्याच्या आऱ्यांवर, कड्यांवर आणि पाळण्यांच्या दांड्यांवर कुशल कारागिरांकडून हाताने गंज रंगवून घेतला आहे, हे वृत्त वाचून ज्यांना काहीच वाटले नाही, त्यांच्या प्रकृतीचा आम्हांस मनःपूर्वक हेवा वाटतो.

जाहिरातीत इतरही पुष्कळ मजकूर होता. या नव्या विभागाचे ‘स्मृतिरंजन दालन’ असे नामकरण झाले आहे. त्याचे तिकीट निराळे आहे. सुरक्षेच्या कारणास्तव पाळणा फिरणार नाही, मात्र सर्वांत खालच्या पाळण्यात बसून छायाचित्र काढून घेण्याची मुभा आहे. आणि फिरताना पूर्वी जी करकर होत असे, ती आता ध्वनिक्षेपकावरून ठरावीक वेळाने ऐकवण्याची तजवीज केलेली आहे. या सर्व तरतुदी काळास धरूनच असल्यामुळे त्यांविषयी आमची काही तक्रार नाही. आमचे चित्त अडकले ते त्या गंजात.

आधी हिशेब पाहा. मूळचा पाळणा मोडला तेव्हा तो भंगारवाल्यास किलोच्या दराने देण्यात आला, आणि भंगारवाला काही गंज खरवडून वजन करत नाही, त्यामुळे त्या वजनात गंजही मोजला गेला. म्हणजे, कित्येक पावसाळ्यांनी एक छदामही न घेता जो गंज चढवून दिला होता, तो भंगाराच्या भावाने विकून टाकायचा, आणि जनतेस त्याचाच विरह झाल्याचे निदर्शनास येताच तोच गंज कारागिरांच्या रोजाने, डब्याडब्याने, कुंचल्याकुंचल्याने विकत घ्यायचा, असा हा व्यवहार आहे. आमच्या गल्लीतील वाण्याने असा व्यवहार केला असता, तर त्याच्या मुलांनी त्याच दिवशी त्याच्या कनवटीच्या किल्ल्या काढून घेतल्या असत्या.

शिवाय असे काम मोघम हुकमावर होत नाही. कोणीतरी त्याचा मसुदा केला असणार, कोणीतरी त्यावर शेरा मारला असणार, आणि कोठल्यातरी दप्तरात गंजाच्या नावाने एक स्वतंत्र फाइल आज सुखाने नांदत असणार. त्या मसुद्यात गंजाचे प्रकार नमूद असतील: पागोळ्यांच्या पाण्याने चढणारा तो पावसाळी गंज, नटाखालून बारीक धारेने ओघळणारा तो ओघळगंज, आणि जेथे हजारो लहान मुठींनी दांडा घट्ट धरल्यामुळे लोखंड चकचकीत झालेले असते, तेथे गंजाचा साक्षेपाने केलेला अभाव. अटीही असतील. गंज अंगास अथवा वस्त्रास लागू नये. गंजाचे पोपडे निघू नयेत. गंज पाण्याने उतरू नये. आणि मुदतीच्या आत गंजावर गंज चढल्यास तो कंत्राटदाराने स्वखर्चाने काढून गंज पूर्ववत करून द्यावा. मग एखादा अभियंता पाहणीस येत असेल, शिडीवर चढून, चष्मा कपाळावर सरकवून, त्या तांबूस-तपकिरी देखाव्यावरून बोट फिरवीत असेल, आणि एका बोल्टाच्या टोकाशी त्याचे बोट एकदम थबकत असेल; कारण तेथे, रंगवलेल्या गंजाच्या ऐन मध्यभागी, रात्रीच्या दवाने खऱ्या गंजाचा एक ठिपका उठलेला असतो. मग काय विचारता! धावाधाव, खुलासे, कंत्राटदारास नोटीस, आणि संध्याकाळपर्यंत तो अस्सल ठिपका घासून काढून त्या जागी नियमानुसार नकली ठिपका रुजू. खाली पाटी आहेच, ‘कृपया गंजास हात लावू नये’, आणि एखाद्या चौकस पोराने नखाने जरा खरवडून पाहिले, तर शिट्टी वाजवण्यास रखवालदार तैनात आहे.

या विनोदाला रसायनशास्त्राने जी पुरवणी जोडली आहे, ती तर कोणा विनोदी लेखकासही सुचली नसती. लोखंडावर गंज चढू नये म्हणून वरच्या रंगाखाली जो तांबडा हात दिला जातो आणि ज्याला हार्डवेअरच्या दुकानात ‘रेड ऑक्साइड’ म्हणतात, त्यातील रंगद्रव्य हे लोखंडाचेच ऑक्साइड असते. म्हणजे गंजास अटकाव करणारा तो रंग गंजाच्याच कुळातला. दर उन्हाळ्यात, मृगाचे ढग येण्यापूर्वी, जुना पोपडा खरवडून या रंगाचा एक हात आणि त्यावर साध्या ऑइलपेंटचे दोन हात एवढा उपचार वेळच्या वेळी झाला असता, तर ते लोखंड आजही आपला भार पेलीत उभे असते. तेव्हा तो डबा महाग वाटला. आज त्याच छटेचे डबे आणले आहेत, पाळणा टिकावा म्हणून नव्हे, तर तो टिकवला गेला नव्हता हे हुबेहूब दिसावे म्हणून.

इकडे जनताही या प्रकरणात अगदीच निर्दोष नाही. पाळणा मोडण्याची वार्ता फुटताच ‘आमचे बालपण हिरावले’ असा आक्रोश करीत जे सज्जन पुढे आले, त्यांपैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीनंतर त्या पाळण्याचे तोंडही पाहिले नव्हते. पाळणा चालू होता तेव्हा ते शेजारच्या मॉलमध्ये होते. पाळणा बंद पडला तेव्हा त्यांना त्याची आठवण झाली. आणि आठवणीस तिकीट लागत नसल्यामुळे ती त्यांनी मुक्तहस्ताने वाटली. व्यवस्थापकाची कैफियत याउलट रोकडी असते. जुन्या पाळण्यापुढे रांग नसते; त्याचे सुटे भाग करणारा कारखाना केव्हाच बंद झालेला असतो, त्यामुळे साधे बेअरिंगही मुद्दाम करवून घ्यावे लागते; वेल्डिंगच्या सांध्यात पडलेली बारीक चीर डोळ्यांस दिसत नाही, ती शोधण्यास यंत्र लागते आणि यंत्र वाचणारा माणूस लागतो; आणि एवढा खटाटोप करूनही मूल आजोबांचे बोट सोडून नव्या घसरगुंडीकडेच धावते. ही कैफियत खोटी नाही. ज्या पाळण्याचा आस झिजला आहे, त्यात केवळ आमच्या बालपणाच्या जामिनावर दुसऱ्याचे मूल बसवावे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

मोडायचे तर मोडावे; पण ते उजळ माथ्याने मोडावे. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात २६४ फूट उंचीचा, ३६ डब्यांचा आणि एकेका डब्यात ६० माणसे घेणारा जो अजस्र आकाशपाळणा उभा राहिला, आणि आजचे सारे महाकाय पाळणे ज्याचे वंशज आहेत, तो पुढे सेंट लुईस येथे नेण्यात आला आणि १९०६ साली सुरुंग लावून पाडून भंगारात काढण्यात आला. निर्णय निष्ठुर होता, परंतु त्यात लबाडी नव्हती. ठेवायचे तर व्हिएन्नासारखे ठेवावे. तेथील १८९७ सालचा पाळणा १९४४ मध्ये युद्धाच्या आगीत जळाला. तो पुन्हा उभारताना तीसऐवजी पंधराच डबे जोडण्यात आले. रूप थोडे विरळ झाले, पण चाक फिरते राहिले, आणि आज त्यात बसणारास फिरल्याचाच आनंद मिळतो. कोपनहेगनच्या बागेत १९१४ सालची आणि मेलबर्नच्या बागेत १९१२ सालची अशा लाकडी चढउताराच्या गाड्या आहेत. त्या गाड्यांवर प्रत्येक फेरीला एक माणूस स्वतः स्वार होऊन हाताने ब्रेक लावतो. ब्रेक त्याच्या हातात, उतारांचा अंदाज त्याच्या डोळ्यांत. तो माणूस हा त्या यंत्राचाच एक भाग आहे, हे तेथे मान्य झालेले असल्यामुळे यंत्राबरोबर तोही शिल्लक आहे. आणि इतके लांब तरी कशाला जावे? पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली धावू लागलेल्या फुलराणीत बसून आजी नातीस जेव्हा सांगते, “मीसुद्धा यातच बसले होते गं,” तेव्हा त्या विधानास दाखला म्हणून गाडी चालू असणे एवढेच पुरते. ती जुनी दिसण्याची गरज पडत नाही.

परंतु हे सांगावे कोणास? ज्यांना खरे बाहेर काढून खोटे आत घेण्याचीच सवय जडली आहे, त्यांना? याच दालनात, म्हणे, ‘आईच्या हातचा डबा’ या नावाचे एक उपाहारगृह थाटले आहे. तेथे पितळी डब्यात दोन पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लोणच्याची एक फोड मिळते, आणि त्या डब्याची किंमत ऐकून कोणाच्याही आईने पदर तोंडास लावला असता. आता त्याच पार्काच्या महाद्वाराशी चला. तेथे एक लांब टेबल मांडलेले आहे आणि टेबलामागे गणवेशधारी रखवालदार उभा आहे. तो हातातील काठीच्या टोकाने पिशव्यांची तोंडे रुंदावून पाहतो आणि आतून जे निघेल ते टेबलावर ठेवून घेतो. धपाटे निघतात, दशम्या निघतात, फडक्यात बांधलेला दहीभात निघतो, पहाटे चारला उठून लाटलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या निघतात. गावाकडून एसटीने आलेली एखादी आजी, “बाबा रे, पोरांना बाहेरचं सोसत नाही,” म्हणून गयावया करते. आणि तिला बोट दाखवून फलक वाचावयास सांगण्यात येते की, बाहेरील खाद्यपदार्थांस सक्त मज्जाव आहे. पाण्याची बाटलीसुद्धा त्या टेबलावरच राहते, आणि आत साध्या पाण्याचा नळ शोधणारास तो एवढ्या आडबाजूला सापडतो, की तेथवर जाऊन परत येईतो पुन्हा तहान लागावी. म्हणजे जिच्या हातचा डबा, ती आई दारात अडवायची, तिचा डबा कचऱ्यात घालायचा, आणि तिच्या नावाची पाटी लावून आत तिच्याच लेकरांना लुबाडायचे! याला व्यवसायकौशल्य म्हणण्याचा प्रघात आहे. आम्ही याला उद्धटपणा म्हणतो, आणि भरल्या टेबलापुढे मान खाली घालून, पावती न मागता, मुकाट्याने आत जाणाऱ्या आम्हां मध्यमवर्गीयांना तर काय म्हणावे, तेही आम्हांस ठाऊक आहे. ते छापण्याजोगे नाही एवढेच.

असो. राहता राहिला तो पुतळा. पाळण्याच्या पायथ्याशी, दांड्यावर हात ठेवून उभा असलेला एका चालकाचा फायबरचा पुतळा बसवला आहे. अंगात खाकी शर्ट, खांद्यावर मळके फडके, दुसऱ्या हातात तेलाची बुधली. बुधलीस चोच आहे, आत तेल नाही. हा चालक कल्पित नव्हे. पाळण्यावर उभी हयात घालवलेला असा माणूस प्रत्येक पार्कात एक असतोच. गर्दी कितीही उसळो, तो पाळणे ओळीने भरत नसे. एका पाळण्यात लठ्ठ शेटजी सहकुटुंब बसले, की चाक अर्धे फिरवून बरोबर समोरच्या पाळण्यात तेवढ्याच वजनाचे बिऱ्हाड बसवीत असे, कारण एका अंगास भार झाला की चाक हिसका देते आणि मोटर तापते, हे त्यास कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते. आवाजावरून त्यास कळे की कोणते बेअरिंग कोरडे पडले आहे. वंगणासाठी, तांबड्या रंगासाठी, दोन बदली बोल्टांसाठी तो वर्षानुवर्षे अर्ज करीत आला, आणि त्याचे अर्ज वर्षानुवर्षे ‘दप्तरी दाखल’ होत आले. अखेर पाळणा धोकादायक ठरला, ज्यांनी तो धोकादायक होऊ दिला त्यांनीच तो ठरवला, आणि पाळण्याबरोबर चालकासही रजा मिळाली. तेव्हा जतनाचा खरा प्रश्न असा की, त्या जुन्या पाळण्यात कोणाचे काय होते? आनंद मुलांचा होता, हात चालकाचा होता, पैसे आईबापांचे होते. व्यवस्थापनाची स्वतःची अशी भर एकच होती, ती म्हणजे गंज. आणि जतन करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे तेवढाच जतन केला.

पुतळ्याऐवजी त्या माणसासच बोलावून घ्यावे, दिवसातून दोन तास त्याने एक लहानसा पाळणा खरोखर फिरवून दाखवावा, अशी सूचना कोणीतरी केलीच. तिला लेखी उत्तर मिळाले की, स्मृतिरंजन दालनात ठेवावयाची वस्तू किमान पंचवीस वर्षे जुनी असणे आवश्यक असले, तरी सेवेत घ्यावयाच्या इसमाचे वय साठाच्या आत असणे बंधनकारक असल्याने सदर इसम नियमात बसत नाही. शिवाय, दप्तर तपासता असे आढळते की, तो सुरुवातीपासून अखेरपर्यंत हंगामीच होता. पुतळ्याची गोष्ट निराळी आहे. त्यास वय नाही, तो वंगण मागत नाही, डबा आणत नाही, आणि त्यास पहिल्याच दिवशी कायम करण्यात आले आहे.