लिहिलं नाही, म्हणजे घातलं नाही

बोईसरमध्ये निवृत्त माणसं दोन प्रकारची भेटतात. एक, तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेली. १९६९ पासून चाललेल्या त्या केंद्राचा शांतपणा त्यांच्याही अंगात मुरलेला असतो. दुसरी, एमआयडीसीतल्या औषध कंपन्यांच्या क्वालिटी खात्यातली. ही निवृत्त होत नाहीत, फक्त खातं बदलतात.

आमच्या विंगमधले क्यूए काका या दुसऱ्या जातीचे. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्याने केलेल्या कामावर संशय घेण्याचा पगार घेतला. निवृत्तीनंतर पहिले सहा महिने काकूंच्या स्वयंपाकघराचं ऑडिट झालं. ते काकूंनी ज्या सुमारास बंद पाडलं, त्याच सुमारास सुट्टीला आलेल्या नातवाने दोन गोल्डफिश आणायला लावले. नातू पुण्याला परत गेला, मासे राहिले. काका त्यांना ‘ए’ आणि ‘बी’ म्हणतात. काकू दोघांनाही सोन्या म्हणतात.

खाद्याची पहिली खरेदी मी डोळ्यांनी पाहिली आहे. दुकानदाराने पोत्यातून मापाने दाणे काढले, प्लास्टिकच्या पिशवीत भरले आणि पिशवीला गाठ मारली.

“पोतं कधी फोडलं?” काका.

“ताजंच आहे, काका.”

“ताजं हे विशेषण झालं. तारीख सांगा.”

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी फिल्टरच्या नळ्या बघू लागलो.

दुसऱ्या दिवशी काका डहाणू लोकल पकडून थेट क्रॉफर्ड मार्केटला. येताना शंभर ग्रॅमचं एक सीलबंद पाकीट. किलोचं घेतलं असतं तर निम्म्या भावात पडलं असतं, हे काकूंनी तिथल्या तिथे तोंडी काढून दाखवलं. काकांचं उत्तर तयार होतं: पाकीट फोडलं की हवा लागते, हवेनं दाण्यातलं तेल खवट होतं, आणि क जीवनसत्त्व तर सगळ्यात आधी उडतं. तीन महिन्यांत संपेल तेवढंच आणायचं. “दोन मासे किलोभर खाद्य संपवेपर्यंत आपला नातू कॉलेजात जाईल.” दाणे बुडणारेच हवेत, हाही त्यांचा हट्ट. तरंगणारे दाणे खायला मासा वर येतो, दाण्याबरोबर हवा गिळतो, आणि असल्या गोलमटोल माशाचा मग तोल जातो. शिवाय गोल्डफिशला जठरच नसतं. गिळलं की सरळ आतड्यात. म्हणून दोन मिनिटांत संपेल इतकंच, दिवसातून दोनदा.

“जठर नाही?” काकू म्हणाल्या. “म्हणजे अ‍ॅसिडिटी नाही. नशीबवान आहेत मेले.”

खरी गंमत साठवणीची. पाकिटावर ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ असं छापलेलं. हे वाक्य आपण सगळेच वाचतो आणि पाकीट ओट्यावर ठेवतो. काकांनी ते आदेश म्हणून घेतलं. आता समुद्रापासून फार लांब नसलेल्या या गावात थंड आणि कोरडी जागा शोधणं म्हणजे काय, ते इथे जून काढल्याशिवाय कळत नाही. मीठ बरणीत पाणी धरतं, आगपेटी पेटत नाही. औषधं किती टिकतात हे लवकर तपासायचं असेल तर ती ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत ठेवतात. काका सांगत, “त्यासाठी कंपन्या लाखो रुपयांचं कपाट घेतात. बोईसरात खिडकी उघडली तरी भागलं असतं.”

फ्रिज? छे. डबा दिवसातून दोनदा बाहेर काढायचा म्हणजे दोनदा त्याला घाम फुटणार, आणि ओल्या दाण्यावर बुरशी. त्यापेक्षा महिन्याचं खाद्य बाहेर, उरलेलं छोट्या पुड्या बांधून फ्रीजरमध्ये. आणि पुडी बाहेर काढली की खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही. पण महिन्याचं बाहेर म्हणजे नेमकं कुठे? काकांनी आर्द्रता मोजायचं यंत्र आणलं आणि आठवडाभर ते खोलीखोलीतून फिरवलं. घरातली सगळ्यात कोरडी जागा ठरली काकूंचं पैठणीचं कपाट.

त्यातल्या डांबराच्या गोळ्या त्याच दिवशी हद्दपार झाल्या. वास लागतो म्हणून. साड्यांचा वास खाद्याला लागू नये याची एवढी काळजी घेणाऱ्या माणसाच्या मनात उलट दिशेचा प्रवास आलाच नाही. पालघरच्या एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या बाईंनी काकूंना विचारलं, “तुम्ही सातपाटीच्या मासळी बंदरावरून आलात का?”

त्यानंतर खाद्य कपाटातून निघालं. आता ते हॉलमध्ये, घट्ट झाकणाच्या काळ्या डब्यात असतं. काळा, कारण उजेडही नको. आत औषधाच्या गोळ्यांच्या बाटल्यांमधून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या.

काकू मात्र दर मे महिन्यात आगोटीची खरेदी करतात. पावसात दोन महिने मासेमारी बंद, मग सुके बोंबील आणि जवळा घरात हवाच. कडक ऊन दाखवायचं, कागद घालून डब्यात भरायचं, मध्ये उघडीप मिळाली की पुन्हा ऊन दाखवायचं. यंत्र नाही, रजिस्टर नाही, आणि गोकुळाष्टमीपर्यंत जवळ्याला काही होत नाही. हे काकांना खुपत असणार. एकदा मीच म्हटलं, माशांनाही चिमूटभर जवळा घालून बघा की. ते चक्क बाजारात आले. मुरबे गावची मावशी टोपली घेऊन बसलेली.

“मीठ किती टक्के?”

“जवल्याला कसलं मीठ? उनानंच सुकतो.”

“रेती?”

“पाखडून घ्या.”

“आणि बॅच नंबर?”

मावशीने क्षणभर विचार केला. “अमावास्येच्या उधाणाचा.”

काका थक्क झाले. तारीख मिळाली होती. त्यांनी खिशातली डायरी काढून ती लिहून घेतली, आणि पाव किलो जवळा घेतला. चिमूटभर माशांना, बाकीचा काकूंनी कांद्यावर परतला. मावशी मात्र बराच वेळ हसत होती. माशाला मासा विकत घेऊन घालणारा माणूस, आणि तोही रोहू-कटल्याच्या गोतातल्या गोड्या पाण्यातल्या माशाला! किनाऱ्यावर गोड्या पाण्यातल्या माशाची किंमत काय, हे तिला विचारायला नको.

गेल्या डिसेंबरात दोघं चार दिवस नाशिकला गेली. मासे माझ्याकडे. आठ पुड्या, प्रत्येकीवर तारीख आणि ‘सकाळ’ किंवा ‘संध्याकाळ’. नववी पुडी ‘कंट्रोल सॅम्पल, वापरू नये’. सोबत रजिस्टर: वेळ, पाण्याचं तापमान, किती सेकंदांत संपलं, सही. “लिहिलं नाही, म्हणजे घातलं नाही,” एवढं सांगून ते रिक्षात बसले.

परत आल्यावर त्यांनी आधी चप्पल काढली नाही, पुड्या मोजल्या. दोन उरल्या होत्या. एक कंट्रोल सॅम्पल. दुसरी रविवार, सकाळ.

“अहो, गोल्डफिश आठवडाभर न खाताही राहतात, तुम्हीच सांगितलं होतं,” मी म्हटलं.

“माशांना काही झालेलं नाही. प्रश्न पुडीचा आहे.” त्यांनी पिशवीतून एक छापील फॉर्म काढला. नाशिकला जातानाच बरोबर नेलेला होता. मी ‘कारण’ या रकान्यात ‘विसरलो’ असं लिहिलं.

“हे चालत नाही. माणसाची चूक हे कारण कुठलाच ऑडिटर मानत नाही. माणूस का विसरला, ते लिहा.”

मी खोडायला लागलो, तर त्यांनी हात धरला. खोडायचं नसतं. एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. मी रेघ मारली, सही केली आणि लिहिलं: ‘रविवार होता. झोप लागली.’

काकांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं. “पुन्हा होऊ नये म्हणून उपाय?”

आतून काकू म्हणाल्या, “पुढच्या वेळी सोन्यांना माझ्या बहिणीकडे ठेवू. ती पोळीचा तुकडा टाकते.”

काका फॉर्म घेऊन आत गेले. दाराबाहेर मी अजून सहीचं पेन हातात धरून उभा होतो.