गाव सांगा!

जालन्याहून मंठ्याकडे निघालं की मध्ये वाटूर फाटा लागतो. इथून एक रस्ता परतूरकडे फुटतो, दुसरा मंठ्यावरून पुढे जिंतूरला नाहीतर लोणारला जातो. शेगाव-पंढरपूर दिंडीमार्गही इथूनच जातो. त्यामुळे चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर नुसतं बसून राहिलं, तरी निम्मा महाराष्ट्र डोळ्यांखालून जातो. त्या बाकावर नाना बसतात. खरं नाव सांगत नाही, कारण गरज नाही. प्रत्येक फाट्यावर असा एक नाना असतो आणि टपरीवाल्याने त्याची उधारी धरलेली असते.

नाना एसटीत कंडक्टर होते, परतूर आगाराला. सेवानिवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण माणूस समोर आला की पहिला प्रश्न तोच, तिकिटाचा ट्रे हातात असल्यासारखा: "गाव सांगा." गाव सांगितलं की नाना तुमची आवड, तुमचा स्वभाव आणि तुम्ही उधार घेतलेले पैसे परत कराल की नाही, हे सगळं सांगतात. तुम्ही आणखी काही बोलायची गरज नसते. बोललात तर उलट त्यांना अडचणच होते.

माझी पंचाईत अशी की मी मूळचा परभणीचा आणि पोटासाठी पुण्यात. हे ऐकून नानांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "म्हंजी तिकीट एकीकडचं आन् उतरणार दुसरीकडं." अशा प्रवाशाचं काय करायचं हे कंडक्टरला चांगलं ठाऊक असतं. त्यांनी मला बाकाच्या कडेला जागा दिली आणि चहा सांगितला. कट.

नानांचं सगळं शास्त्र सुट्ट्या पैशांवर उभं आहे. मुंबईचा माणूस पैसे देताना गाडी किती वाजता पोचणार ते विचारतो. कोल्हापूरचा नोट देतो आणि बाकीचे मागायला लाजतो. लातूरचा आधी तिकिटावर वाद घालतो आणि मग शेजारच्याचंही तिकीट काढतो. आणि पुण्याचा? इथे नाना चहाचा घोट घेतात, कारण पुण्याची गोष्ट घाईत सांगायची नसते.

पूर्वी सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी लिहून देई, उतरताना घ्यायची. एकदा पुण्याच्या गाडीवर एका गृहस्थाचे पंचाहत्तर पैसे राहिले. उतरायच्या गर्दीत ते विसरले. दोन महिन्यांनी नाना पुन्हा त्या गाडीवर गेले, तर शिवाजीनगरला ते गृहस्थ तिकीट घेऊन हजर! घडीसुद्धा मोडलेली नाही. नानांनी रुपया दिला आणि म्हणाले, राहू द्या. त्यानंतर आणखी दोन महिन्यांनी गृहस्थ पुन्हा हजर: "मागच्या खेपेला तुम्ही पंचवीस पैसे जास्त दिलेत."

"तव्हापासून सांगतो," नाना म्हणतात, "पुण्याचा माणूस घेतानी इसरत न्हाई आन् देतानी बी इसरत न्हाई. पण एवढ्या तीन भेटीत चहा म्हणला न्हाई."

याच्या उलट वऱ्हाडी. मेहकरला एक जण गाडीत चढला तो जालना येईपर्यंत बोलत होता. स्वतःची शेती, भावाचा खटला, पोरीचं लग्न. डबा उघडून नानांना खाऊ घातलं, लग्नाला यायचंच म्हणून शपथ घातली. नाना रजा टाकून गेले. मांडवात तो गृहस्थ अगदी प्रेमाने भेटला, मिठी मारली, जेवायला बसवलं, आग्रह करकरून वाढलं आणि शेवटी हळूच विचारलं, "पाहुणे कुठले म्हणायचे?"

एका पंचाहत्तर पैशांच्या गृहस्थावर सगळं पुणं आणि एका विसराळू वधूपित्यावर अख्खं वऱ्हाड उभं करणं न्याय्य नाही, हे मी नानांना सांगून पाहिलं. त्यावर त्यांनी मला विचारलं की भात शिजला की नाही हे बघायला मी किती शितं चेपतो.

हे सगळं ठीक होतं. पण नानांचे दोन पुतणे परदेशी गेले आणि शास्त्राची हद्द वाढली. थोरला इंग्लंडात लीड्सला, धाकटा अमेरिकेत डलासला. दोघंही वाटूरच्या शाळेत एका फळ्यासमोर बसलेले, एका आईच्या हातचे धपाटे खाल्लेले. दहा वर्षांत थोरला इंग्रज झाला आणि धाकटा अमेरिकन, आणि आता त्या दोन देशांचं जे काही आहे ते वाटूरच्या घरात फोनवरून होतं. नाना दुभाषे.

घर बांधायला काढलं तेव्हाची गोष्ट. पैसे दोघांचे, देखरेख नानांची. धाकट्याने मिस्त्रीला फोन केला: फर्स्ट फ्लोअरला चांगली फरशी टाका, आई तिथं राहणार, तिचे गुडघे दुखतात. मिस्त्रीने थोरल्याला विचारलं, फर्स्ट फ्लोअर म्हणजे नेमकं कुठं हो? थोरल्याने शांतपणे सांगितलं, जिना चढून गेल्यावर जो येतो तो. मिस्त्रीने माडीवर गुळगुळीत, आरशासारखी फरशी बसवली आणि खाली शहाबादी तशीच ठेवली. आता माडीवर सोयाबीनची पोती आहेत. एवढ्या महागाच्या फरशीवर पोती रचलेली अख्ख्या तालुक्यात दुसरीकडे नसतील.

त्यात चूक कोणाचीच नव्हती. इंग्लंडात जमिनीलगतचा तो ग्राउंड फ्लोअर आणि त्याच्यावरचा पहिला. अमेरिकेत जमिनीलगतचाच पहिला. दोघे भाऊ आठवडाभर एकमेकांना सभ्य इंग्रजीत मेसेज पाठवत होते आणि सभ्यता वाढत चालली तशी आईला काळजी वाटू लागली. शेवटी नानांनी दोघांना एकदम फोनवर घेतलं आणि म्हणाले, "लेकरांनो, खालचं आन् माडी म्हणायला काय झालतं?"

व्हिडिओवर घर दाखवलं तेव्हा धाकटा ओरडला, "जबरदस्त! एक नंबर! असं घर मी पाहिलंच नाही!" मिस्त्री फुलला. थोरला बराच वेळ बघून म्हणाला, "हं, बरं झालंय की." मिस्त्री तीन दिवस कामावर आला नाही. चौथ्या दिवशी धाकट्याची यादी आली, दुरुस्त्या अकरा. थोरल्याकडून मात्र एक शब्दही नाही, फक्त मिस्त्रीच्या पोराच्या शाळेसाठी पैसे. तेव्हा नानांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि शास्त्राचं मुख्य सूत्र जन्माला आलं: "विलायत म्हंजी पुणं. अमेरिका म्हंजी वऱ्हाड."

हे सूत्र ऐकून मी हसलो खरा, पण पुण्याला परतल्यावर जरा तपासत बसलो. इंग्रजाने एखाद्या गोष्टीला 'क्वाइट गुड' म्हटलं तर ती बेताची असते. अमेरिकनाने म्हटलं तर चांगलीच असते. पुण्यात 'वाईट नाही' ही शाबासकी आहे हे मला माहीत होतंच. चर्चिलने लिहून ठेवलंय की दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि अमेरिकन अधिकारी एका कागदावरून बराच वेळ भांडले. इंग्रज म्हणत होते तो 'टेबल' करू, म्हणजे आत्ताच चर्चेला घेऊ. अमेरिकनांच्या भाषेत 'टेबल' करणं म्हणजे बाजूला ठेवणं. दोघांनाही तो आत्ताच चर्चेला हवा होता. हे मी पुढच्या खेपेला नानांना सांगितलं, तर ते मुळीच चकित झाले नाहीत. "आपुन निघतानी 'येतो' म्हणतोच की," म्हणाले.

कपड्यांचा घोळ त्यांना जास्त आवडला. धाकटा लीड्सला भावाकडे गेला होता. तिथे त्याने भावाच्या साहेबाला, चारचौघांत, 'तुमची पँट छान आहे' अशी दाद दिली. इंग्लंडात पँट म्हणजे आतली. नाना इतके हसले की टपरीवाल्याने पाणी आणून दिलं. मग डोळे पुसायला त्यांनी खिशातून दस्ती काढली आणि स्वतःची कहाणी सांगितली. आमच्याकडे खिशातली ती दस्ती आणि खांद्यावर टाकायचा, डोक्याला बांधायचा तो रुमाल. पुण्यात एका दुकानात त्यांनी रुमाल मागितला तर दुकानदाराने वीतभर चौकोन पुढे केला. "म्या म्हणलं, ह्याच्यानं डोकं बांधू का नाक? तं म्हणला, आमच्याकडं नाकच पुसतात."

इंग्रजांना आपण ओळखतो असा नानांचा जुना दावा आहे, आणि त्याला थोडा आधारही आहे. मंठ्याच्या पलीकडे लोणार, म्हणजे वऱ्हाड. ते 1853 साली निजामाने इंग्रजांच्या हवाली केलं आणि 1902 साली कायमच्या पट्ट्याने दिलं. अलीकडे आम्ही निजामाचे, ते थेट 17 सप्टेंबर 1948 पर्यंत. म्हणजे बैल चुकून पलीकडे गेला तर दुसऱ्या राज्यात जायचा. पैसेही दोन: पलीकडे कलदार, अलीकडे हाली. सहा कलदार म्हणजे सात हाली. नानांच्या आजोबांना हा सातासहाचा हिशोब तोंडपाठ होता. आज नाना पौंडाला कलदार म्हणतात आणि डॉलरला हाली, आणि पुतण्यांचे पैसे आले की आजोबांसारखेच बोटांवर मोजतात. बोलीचंही तसंच. इकडे 'कामून', तिकडे 'काहून'. एका अक्षराचं अंतर, पण त्यावरून सोयरिकी मोडता मोडता राहिल्या आहेत. वेबस्टर नावाच्या गृहस्थाने 1828 च्या आपल्या अमेरिकन कोशात 'कलर'मधला एक 'यू' काढून टाकला, त्याचं दुःख इंग्रजांना अजून आहे, असं मी सांगितलं तेव्हा नानांनी मान हलवली. हद्द म्हटली की एक अक्षर जातंच, असा त्यांचा चेहरा होता.

एकदा मी त्यांना कोड्यात टाकायचं ठरवलं. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या, 1886 साली अमेरिकेला. दोन्ही देश डोळ्यांनी पाहून त्यांनी 1889 साली अमेरिकेवर मराठीत पुस्तक काढलं. तुम्ही तर परतूर आगाराच्या पलीकडून जग पाहिलंत, मग कोणाचं खरं मानायचं? नाना गप्प. मग म्हणाले, "बाईनं पाहिलं ते खरंच असन. पण तिला घर बांधायचं नव्हतं."

डिकन्सची गोष्ट मात्र माझ्या अंगाशी आली. तो इंग्रज लेखक 1842 साली अमेरिका फिरला आणि तिथले लोक तंबाखू खाऊन जिथे तिथे थुंकतात म्हणून पुस्तकात भरपूर नाकं मुरडली. मला वाटलं, इंग्रज कसे नाकं मुरडतात ते नानांना पटेल आणि सूत्र पक्कं होईल. नानांनी तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सारली. डोळे बारीक केले. "अमेरिकेचे लोक थुंकत व्हते?"

"हो. खासदारसुद्धा."

"मंग ते वऱ्हाडी कामून असतेन? ती तं आपली मान्सं!"

आणि अमेरिका एका क्षणात वऱ्हाडातून उचलून मराठवाड्यात आणली गेली. धाकट्याच्या अकरा दुरुस्त्या माफ झाल्या. मिस्त्रीला तसा निरोपही गेला.

त्या दिवशी निघताना मी सहज विचारलं, "नाना, सगळ्यांचं सांगितलंत. वाटूरचा माणूस कसा?"

नाना पहिल्यांदाच अडले. चहाचा कप खाली ठेवला. "गावातला का फाट्यावरचा?"

"दोघं वेगळे?"

"लईच! गावातला आतल्या गाठीचा. फाट्यावरचा मोकळा, पण हिशोबाला पक्का. त्यातबी फाट्यावर हाटेलवाले येगळे, गॅरेजवाले येगळे. हाटेलवाल्यात ह्यो," टपरीवाल्याकडे बोट, "ह्यो कशातच बसत न्हाई. आन् गावात म्हणशाल तर वरच्या आळीला एकाचं दुसऱ्याशी पटत न्हाई. आमच्या घरातच बगा, थोरला येगळा, धाकटा येगळा, मी सकाळी येगळा आन् चहा झाल्यावर येगळा..."

जिंतूरमार्गे परभणीला जाणारी गाडी आली. मी चढलो, खिडकीजवळ बसलो. नाना खिडकीखाली उभं राहून वरच्या आळीतल्या तिसऱ्या घराबद्दल सांगतच होते. डबल बेल झाली, गाडी हलली, ते दोन पावलं बरोबर चालले आणि मग त्यांचा रुमाल मागे राहिला.

कंडक्टर आला. नवा पोरगा, हातात तिकिटाचं मशीन. "कुठलं?"

"परभणी," मी म्हणालो आणि मूठ पुढे केली.

त्याने पैसे मोजले. मग मशीनवरची नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. "पुण्याहून आलाव का?"

"का हो?"

"न्हाई, मोजून सुट्टे काढून ठेवलेत, म्हणून म्हणलं."